जयराज माने यांची नैसर्गिक चाल

कनिष्ठ अभियंता श्री. जयराज हंबीरराव माने, वय वर्षे बत्तीस, यांना चालता येत नाही, ही गोष्ट त्यांना स्वतःला एका रविवारी सकाळी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात समजली. तोपर्यंत ते चालत होते. रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी ते शाळेत चालत गेले, कॉलेजात चालत गेले आणि सरकारी नोकरी लागल्यावर जेवढे चालावे लागते तेवढे चालले. कोठूनही तक्रार आलेली नव्हती.

ही माहिती त्यांना देणारा मामेभाऊ शिवतेज पुण्याच्या एका कंपनीत होता आणि घरून काम करण्याची सवलत मिळाल्यामुळे साताऱ्यात राहून पळत होता. साताऱ्यात हल्ली सगळेच पळतात. वर्षातून एकदा डोंगरावरची मोठी शर्यत असते आणि उरलेले वर्ष तिची तयारी असते. पळणाऱ्याच्या मागे कोणी लागलेले नसते, हे खेड्यातून आलेल्या पाहुण्यांना अजून समजावून सांगावे लागते.

"तू टाच आधी टेकवतोस," शिवतेज म्हणाला.

"मग काय टेकवू?"

"चवडा. माणूस निसर्गतः चवड्यावर पळतो. जाड तळाच्या बुटांनी तुझी चाल बिघडवलीय. बत्तीस वर्षं चुकीचा चालतोयस तू, जया."

दुसरा कोणी असता तर हसला असता. पण जयराज (यापुढे आपण त्याला एकेरीच म्हणू, तो तसा साधा मुलगा आहे) सरकारी माणूस होता. केलेले काम चुकीचे निघाले की तो आधी विचारतो, हे लेखी आहे का? लेखी नव्हते, पण शिवतेजने मोबाइलवर व्हिडिओ काढलेला होता. त्यात जयराजची टाच अतिशय संथ गतीने डांबरावर आदळताना आणि तो धक्का पोटापर्यंत चढताना स्पष्ट दिसत होता. स्वतःचे पोट संथ गतीने पाहणे कोणालाही सोसत नाही. त्याने त्याच दिवशी बूट मागवले.

बूट एका पाकिटात आले. तळ भाकरीइतका जाड, टाच नाही, आधार नाही, मऊपणा नाही. बोटांना पसरायला मात्र ऐसपैस जागा. सोबतच्या कागदावर लिहिले होते की, हे बूट घातल्यावर काहीच न घातल्यासारखे वाटते. काही न घातल्यावर तसे फुकटात वाटते, अशी एक शंका जयराजच्या मनाला शिवून गेली. परंतु वस्तूतून जेवढे काढून घ्यावे तेवढी तिची किंमत वाढते, हे तत्त्व त्याने खात्याच्या बांधकामांत जवळून पाहिले होते. खात्याचे नाव सांगत नाही. कोणतेही धरा.

नैसर्गिक चाल शिकण्यासाठी मोबाइलमध्ये रीतसर अभ्यासक्रम होता. निसर्गात एकदम शिरणे धोक्याचे असल्याने सुरुवातीला थोडा वेळ नैसर्गिक चालायचे आणि बाकीचा दिवस चुकीचेच चालायचे. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल छोटे, आधी चवडा, मग अलगद टाच, खांदे सैल, जबडा सैल, नजर समोर, आणि मुख्य म्हणजे यातल्या कशाचाही विचार करायचा नाही. जयराज हे सगळे मनातल्या मनात म्हणत चालू लागला. लवकरच त्याच्या पोटऱ्या इतक्या धरल्या की ऑफिसचा जिना तो कठड्याला धरून आडवा उतरू लागला. मोबाइलने त्याचे अभिनंदन केले.

शनिवारी तो गावी गेला. त्याचे वडील हंबीरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते अंगणात पेपर वाचत बसले होते. फाटकापासून आपला मुलगा कशा प्रकारे येतो आहे हे त्यांनी पेपरावरून पाहिले.

"काय झालंय रं पायाला?"

"काय नाही आबा. नैसर्गिक चालतोय."

"मग आदी काय व्हतं?"

"आधी चुकीचं होतं."

हंबीररावांनी पेपर खाली ठेवला. "आमचा परेडचा उस्ताद निस्त्या टाचंच्या आवाजावरनं गडी वळखायचा. टाच हाणली की समोरच्याला कळतंय, कोण तरी आलंय. ह्यो तुजा निसर्ग चोराच्या कामाचा हाय."

आई, मनुबाई, तोवर दारातले बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहत होती. "तळ लावायचा ऱ्हायलाय जनू," ती म्हणाली. "परत पाठीव जा. पावती हाय न्हवं?"

इथपर्यंत कोणाचे काही बिघडलेले नव्हते. पण जयराजचे लग्न व्हायचे होते. ते जमत नव्हते. यात त्याचा दोष नव्हता, आमच्या भागात हल्ली कोणाचेच जमत नाही. ऊस आहे, घर आहे, कायम नोकरी आहे. पण मुलीला पुण्यात फ्लॅट हवा असतो, आणि तिला नको असेल तर तिच्या आईला हवा असतो. पूर्वी मुलगी पाहायला जाताना मुलाकडचे लोक मिशीला पीळ देऊन जात. आता मिशी काढून जातात.

अशा काळात कृष्णात हा विमा एजंट एक स्थळ घेऊन आला. विमा आणि सोयरीक हे दोन्ही धंदे तो एकाच दुचाकीवरून करी. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला भाऊसो नावाचे द्राक्षबागाईतदार होते. त्यांची मुलगी प्रियदर्शनी औषधशास्त्राची पदवी घेऊन गावातच औषधांचे दुकान चालवत होती. फ्लॅटची अट नव्हती. हंबीररावांनी ही बातमी दोनदा खात्री करून घेतली.

बघण्याचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे पार पडला. पोहे झाले, चहा झाला, पावसाने दगा दिल्याचे बोलून झाले. मग कोणीतरी प्रियदर्शनीला म्हणाले, तुला काय विचारायचं असलं तर विचार. असे म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यावर मुलीने मान हलवून नाही म्हणण्याचीही पद्धत आहे. प्रियदर्शनीने विचारले, "तुमच्या गावात मेडिकल आहे का?"

"नाही," जयराज म्हणाला. "रहिमतपूरला जावं लागतं."

"मग मी काढीन," ती म्हणाली.

जयराजला ती तिथेच आवडली. आवडली म्हणजे इतकी की पुढे कोण काय बोलले ते त्याला ऐकू आले नाही आणि पोह्यात मीठ होते की नव्हते हेही त्याला आठवेना. आजवर पाहिलेल्या मुलींनी त्याचा पगार विचारला होता, बदली विचारली होती, आईचा स्वभाव विचारला होता. त्याच्या गावात येऊन आपण काय करू, हे कोणी सांगितले नव्हते. हीच झाली तर ठीक, नाहीतर आपले कायमचे राहिले, असे त्याने परतीच्या वाटेवर गाडीत ठरवून टाकले.

निरोप घेऊन कृष्णात आला तो चेहरा पाडून.

"पाव्हण्यांना समदं पसंत हाय," तो म्हणाला. "घर, शेत, नोकरी, मानसं. निस्तं एक हाय."

"फ्लॅट?" हंबीररावांनी विचारले.

"न्हाई. पोराचं चालनं."

भाऊसोंच्या थोरल्या बहीण तानुबाई त्या दिवशी घरापुढच्या सोप्यात बसल्या होत्या. भावकीतली एकही सोयरीक आजवर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय झाली नव्हती. जयराज गाडीतून उतरून सोप्यापर्यंत आला तेवढे अंतर त्यांनी त्याला पाहिले होते आणि बाकी सगळे जण पोह्यांत गुंतले असताना त्यांचा निकाल तयार होता.

"आत्या म्हनत्यात, पोरगं टाच टेकवत न्हाई. निखाऱ्यावरनं आल्यागत आलं. पायात खोट हाय आन् तुमी झाकताय." कृष्णात जरा थांबला. "आनी म्हनत्यात, दारात बूट न्हवतंच. निस्तं मोजं काडून ठेवल्यालं."

"मग आता?"

"एकदा परत यायचं आन् चालून दाखवायचं."

हंबीरराव उठून उभे राहिले. "सुभेदाराच्या पोरानं चालून दाखवायचं? आरं, ह्या घरातल्या तीन पिढ्यांची परेड झाली."

"दुसरं बी एक स्थळ हाय," कृष्णात नम्रपणे म्हणाला. "त्यास्नी हिंजवडीत फ्लॅट पायजे."

हंबीरराव बसले. चालून दाखवण्याचा दिवस ठरला.

तयारीसाठी जयराज गावी येऊन राहिला आणि घराच्या गच्चीवर दोन स्वतंत्र प्रशिक्षणे सुरू झाली. सकाळी हंबीरराव टाच घेत. "छाती भाईर, नजर सामने, टाच हान. आवाज खाली तुज्या आईला आला पायजे." आई स्वयंपाकघरातून आवाज आल्याचे कळवी. संध्याकाळी शिवतेज साताऱ्याहून येऊन चवडा घेई. "आवाज येता कामा नये. हलका हो. जमिनीला कळलं नाही पाहिजे तू आलास ते." दोन्ही गुरू आपापल्या विषयात निष्णात होते आणि दोघांचेही म्हणणे होते की दुसऱ्याने पोरगे बिघडवले. जयराज दोघांचेही मनापासून ऐके, कारण त्याला प्रियदर्शनी हवी होती. परिणामी त्याचा डावा पाय सैन्यात आणि उजवा निसर्गात गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून अंगणात जायचे तर तो उंबऱ्यापाशी थांबून आधी कोणता पाय टाकायचा याचा विचार करू लागला.

चालण्याचा कार्यक्रम भाऊसोंच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवला होता. हंगाम नसल्यामुळे शेड रिकामी होती आणि बेदाणे सुकवायच्या जाळ्यांच्या दोन रांगांमध्ये लांबलचक मोकळी वाट होती. दोन्ही बाजूंना भावकी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. अध्यक्षस्थानी तानुबाई होत्या. ग्रामपंचायतीचे माजी सदस्य उदयसिंह यांनी प्रास्ताविक केले. आपण कोणावर अविश्वास दाखवण्यासाठी जमलेलो नसून केवळ पाहण्यासाठी जमलो आहोत, असे ते म्हणाले. मग हंबीररावांकडे पाहून त्यांनी परवानगी मागितली आणि हंबीररावांनी शेडच्या पत्र्याकडे पाहून ती दिली.

जयराज निघाला. अर्धी वाट त्याने बरी काटली असती, पण टोकाच्या दारात त्याला प्रियदर्शनी उभी दिसली आणि त्याला वाटले, आता चुकलो तर संपले. त्याबरोबर त्याचा उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढे गेले. ते दुरुस्त करायला त्याने डावे दोन्ही पुढे टाकले. मग तो थांबला, मनात गुडघे-पाऊल-चवडा-टाच असा पाठ म्हणाला आणि उरलेले अंतर गुडघे वाकवून, टाच हाणत, जबडा सैल सोडून पूर्ण केले.

भावकीने उदयसिंहांकडे पाहिले.

"चाल वाईट न्हाई," उदयसिंह अखेर म्हणाले. "पर एक न्हाई. तीन-चार हायत."

"परत एकदा येऊ द्या उलटं," मागून सूचना आली.

"नगं," तानुबाई म्हणाल्या. "लेकरू दमलंय. डाक्टरचा कागूद आना. सरकारी. पायात खोट न्हाई म्हनून शिक्का मारल्याला. मग माझं काय म्हननं न्हाई."

ही हकीकत दोन्ही जिल्ह्यांत पसरायला वेळ लागला नाही. सोयऱ्यांनी सोयऱ्यांना सांगितली आणि शेडमधला व्हिडिओ त्यांच्याही आधी पोचला. मुलाला चालवून पाहता येते, हा शोध मुलीकडच्यांना फारच आवडला. पाटणपासून मेढ्यापर्यंत लग्नाळू मुले सोप्यासोप्यांतून चालू लागली. मुलाच्या माहितीपत्रकात रास, नाडी आणि गण यांच्या खाली 'चाल' अशी नवी ओळ आली आणि तिच्यापुढे 'टाच' किंवा 'चवडा' लिहावे लागे. साताऱ्यात दोन माजी सैनिकांनी मैदानावर टाचेचा वर्ग काढला. शिवतेजने नोकरी सोडून चवड्याचा काढला. दोन्ही वर्गांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. कोणत्याही वर्गाला न जाता चालणाऱ्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न उरला, त्यावर 'स्वयंशिक्षित' असे लिहावे असे ठरले.

इकडे जयराज रजा टाकून एका सरकारी रुग्णालयात गेला. खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"दोष आहे असा दाखला मिळतो," ते म्हणाले. "दोष नाही असा मिळत नाही. तसा नमुनाच नाही."

"मग ज्याला दोष नाही त्यानं काय करायचं?"

"त्यानं घरी जायचं."

"पण लग्न अडलंय, साहेब."

गृहस्थ हळहळले. "इतक्या लांबनं आलाय तर दोषाचा घेऊन जावा. वाया जात नाही तो. कुठं ना कुठं उपयोगी पडतोच. आमच्या इथं धडधाकट माणसं रांग लावून नेतात."

जयराजने नकार दिल्यामुळे त्यांना त्याच्याविषयी संशय आला आणि त्यांनी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी त्याला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितले.

"असं का चालता?"

"नैसर्गिक चालायचा प्रयत्न करतोय."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. जमत आलं होतं."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, 'रुग्ण नैसर्गिक चालण्याचा प्रयत्न करतो', आणि त्याला वरच्या मजल्यावर मनोविकार विभागात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी मात्र त्याची सविस्तर विचारपूस केली. ते स्वतः गेली काही वर्षे नैसर्गिक श्वास घ्यायला शिकत होते आणि अजून त्यांना तो नीट येत नव्हता. त्यामुळे त्यांना जयराजमध्ये काहीही आजार आढळला नाही. त्यांनी त्याला आपल्या शिबिराचा पत्ता दिला. दाखला कोणीच दिला नाही.

आता जयराजचा धीर सुटला. तासगावहून निरोप येणे बंद झाले होते. कृष्णात विम्याबद्दलच बोलू लागला होता. प्रियदर्शनीसाठी दुसरे कोणी येऊन चालून गेले, असेही जयराजच्या कानावर आले आणि ते ऐकून त्याला दिवसभर ऑफिसात काही सुचले नाही.

"तू फार विचार करतोस," शिवतेज म्हणाला. "शरीरावर विश्वास टाक. घाट उतर एकदा धडाधड. चाल आपोआप बसते."

जयराजने शरीरावर विश्वास टाकला. यवतेश्वराच्या उतारावर तिसऱ्या वळणाला त्याच्या उजव्या चवड्यातल्या एका हाडाला चीर गेली. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातले. असे बूट घालून घाट धावत उतरायचा नसतो, हे बुटाच्या कागदावरच लिहिलेले असते, असेही त्यांनी सांगितले. कागद खरोखरच घरात होता. मनुबाईने त्यावर पापड वाळत घातले होते.

गावी खाटेवर पडून जयराज छताकडे पाहत राहिला. आधीच पायात खोट म्हणून नाव झालेले, त्यात हे. आता संपलेच, असे म्हणून तो खरोखर रडला. सुभेदाराच्या घरात रडण्याची पद्धत नसल्यामुळे हंबीरराव उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने नाक शिंकरत परत आले.

त्यानंतरच्या रविवारी दारात जीप थांबली. आजाऱ्याला पाहायला जावेच लागते, सोयरीक होवो न होवो. भाऊसो, तानुबाई आणि प्रियदर्शनी शहाळी आणि नव्या हंगामाच्या पहिल्या द्राक्षांची पेटी घेऊन उतरले. तानुबाई थेट खाटेपाशी गेल्या आणि त्यांनी बोटाच्या पेरांनी प्लास्टरवर ठकठक केले. ते खरे होते.

"पाय मोडलाय व्हय," त्या म्हणाल्या.

"व्हय," हंबीरराव म्हणाले.

"मग आवं, आदी सांगायचं न्हाई का? म्या म्हनलं खोट हाय. हाडाला चीर हुती म्हनूनशान पोरगं तसं चालत हुतं." त्या भाऊसोंकडे वळल्या. "म्या म्हनलं न्हवतं, कायतरी हाय? हे हुतं. लेकरू दुखनं अंगावर काडत हुतं बघ, आन् आपुन त्येला शेडात पळावतोय."

भाऊसोंचे डोळे भरून आले. "त्या दुखऱ्या पायानं चालून दाखवलं पाव्हण्यांनी. येवढी निष्ठा कोन दाखवतंय आजकाल?"

हंबीरराव खरे बोलणारा माणूस. वरिष्ठांनाही ते तोंडावर खरे सांगत आणि म्हणून सुभेदारावरच थांबले. त्यांनी बोलायला तोंड उघडले. मनुबाईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. ते चहा प्याले.

मोडलेला पाय कोणालाही समजतो. तो पडून मोडतो, प्लास्टरात बसतो आणि बरा होतो, त्यात घराण्याला कमीपणा नाही. नैसर्गिक चाल मात्र कोणत्याच घराण्यात बसत नाही. दुपारच्या आत सुपारी फुटली, आणि पाय सुटला की लगेच साखरपुडा असे ठरले.

मोठी माणसे बाहेर सोप्यात याद्या ठरवायला बसली आणि प्रियदर्शनीला खाटेजवळच्या खुर्चीवर बसायची मुभा मिळाली. दार अर्थातच उघडे ठेवले होते. जयराजला हवे ते मिळाले होते आणि त्याने गप्प बसायला हवे होते. पण ते त्याच्याने होईना.

"एक सांगू का," तो म्हणाला. "हाड नंतर मोडलंय. तुमच्याकडं आलो तेव्हा पाय चांगला होता. मी मुद्दाम तसं चालत होतो. शिकत होतो."

"काय शिकत होता?"

"नैसर्गिक चालायला."

ती हसेल असे त्याला वाटले. ती हसली नाही. "मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "हाडाला चीर गेल्यावर माणूस कसा चालतो, मला माहिती आहे. दुकानात रोज येतात."

"मग बोललात का नाही?"

"मला चालणार होतं." तिने एक द्राक्ष तोडून त्याच्या हातावर ठेवले. "तुम्हाला एकदाच चालून दाखवायला लावलं, तर तुमचं हाड मोडलं. माझ्या चालून दाखवण्याची तर मोजदादच नाही. सहावीत होते तेव्हापासून आत्या शिकवतेय. पाऊल बारीक टाक, उडी मारून उतरू नको, पैंजण वाजला तर फक्त तेवढाच वाजावा, पाऊल नाही. त्या दिवशी ट्रे घेऊन आले ना तुमच्यासमोर, ते चालणं आत्याचं होतं. माझं मूळ कसं होतं ते आता मलाच आठवत नाही."

जयराजला स्वतःच्या रडण्याची लाज वाटली.

"तुमच्या त्या अभ्यासक्रमात बायकांचं असतं का?" तिने विचारले.

"असेल. बघतो."

"नको. आधी पाय बरा होऊ दे. मग कुठंतरी जाऊ, जिथं ओळखीचं कोणी नसेल. तुम्ही तुमचं चाला, मी माझं चालते. कसं का येईना."

"जाऊ," तो म्हणाला, आणि आयुष्यात एवढे मनापासून त्याने कोणाला काही कबूल केले नव्हते.

ती खुशीत उठली. शहाळे फोडून आणते म्हणाली आणि मोठी मोठी पावले टाकत, टाचा दणदण वाजवत दाराकडे निघाली. फरशीवर तो आवाज छान घुमला.

"प्रिये," बाहेरून तानुबाईंचा आवाज आला. मायेचाच होता. "हळू गं बाई. पाय आपटत चालू नगंस. सासर हाय ते."

आवाज थांबला. मग तिची पावले पुन्हा बारीक झाली आणि ती शहाळी ठेवली होती तिकडे गेली.

जयराजच्या चालीवर दोन जिल्हे बोलले. त्या चालीसाठी भावकी बसली, व्हिडिओ फिरले, दोन विभागांच्या डॉक्टरांनी अभिप्राय दिले. तानुबाईंच्या या वाक्यावर मात्र सोप्यातल्या एकानेही मान वर करून पाहिले नाही. हंबीररावांनी पाहिले नाही, मनुबाईने पाहिले नाही, भाऊसो याद्यांत मानपानाच्या कलमापर्यंत आले होते. त्यांना दोष देता येत नाही. हे वाक्य तुमच्याही घरात शेवटचे कोण बोलले, हे तुम्हाला आता चटकन आठवणार नाही.

घरात मुलगी असेल तर हे वाचून झाल्यावर जरा कान द्या. ती या खोलीतून त्या खोलीत जाईलच. पावलांचा आवाज आला नाही, तर काळजीचे कारण नाही. तिचे शिक्षण तुमच्या हातून पूर्ण झालेले आहे.